पळणारी कुंडी

हेमांगीताईंची टोमॅटोची कुंडी आज पुन्हा पळाली. दार उघडं मिळताच चाकांवर गडगडत गेली आणि शेजारच्या मोहितेवहिनींच्या उंबऱ्याशी जाऊन थांबली.

या नव्या कुंड्या रोपाला हवं ते शोधत स्वतःच फिरतात, हे ताईंना ठाऊक होतं. बाकीच्यांच्या कुंड्या उन्हामागे गच्चीवर जायच्या. पण वहिनींच्या दारात तर ऊनही नव्हतं! मग हिला तिथे मिळतं तरी काय?

"वहिनी, तुम्ही हिला गुपचूप काही घालता का हो?" ताईंनी फणकाऱ्यानेच विचारलं.

"छे हो, मी हातसुद्धा लावत नाही. तुम्ही पाणी किती घालता?"

"येता-जाता घालते. लेकरासारखं जपते मी तिला!"

वहिनींनी चिमूटभर माती दाबली. पाणी टपटप गळलं. "अशानं मुळं कुजतात, ताई. ती इथे काही घ्यायला येत नाही. इथे कुणी पाणी ओतत नाही, म्हणून जरा सुकायला येते."

ताई गोंधळून उभ्याच राहिल्या. एका हातात पाण्याचा तांब्या होता. दुसऱ्या हातातल्या फोनवरून बंगळुरूच्या लेकाला सकाळपासून कितव्यांदा तरी रिंग जात होती, आणि तो उचलत नव्हता. आधी काय खाली ठेवावं, तेच त्यांना कळेना.