मागच्या स्प्रिंगा

आजोबांच्या जुन्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा पार गेल्या होत्या आणि तसल्या आता कुठेच मिळत नव्हत्या. शेवटी अपघातात चेपलेली तसलीच एक गाडी त्याला एका बाईंच्या अंगणात सापडली. तिच्या मागच्या सीटवर बाईंचा मुलगा गेला होता.

"पोरगंच राहिलं नाही, ताई. आता गाडी काय उराशी धरून बसणार?" असं म्हणून त्यानं दोन्ही स्प्रिंगा भंगाराच्या भावात पदरात पाडून घेतल्या. बाईंनी त्याचा फोन नंबर तेवढा मागितला.

स्प्रिंगा बसवल्यावर त्यानं डिकीवर जोर देऊन पाहिला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. एकदम फर्स्ट क्लास!

मग ती आपोआप डावीकडे जराशी खाली गेली, लहान मूल चढून बसावं तशी.

"रुळतील हळूहळू," तो स्वतःशीच हसला.

"बाबा, मी बसू?" म्हणत त्याची चिमणी आत चढली आणि तिनं दार ओढून घेतलं.

गाडी खाली गेली नाही. उलट, कुणीतरी उतरावं तशी वर आली. पलीकडचं दार उघडलं आणि अनवाणी पावलं फाटकाबाहेर धावत सुटली. दिसलं मात्र कुणीच नाही.

"चिमणे?"

सीट रिकामी होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, माझा पोचला हो घरी," त्या बाई म्हणाल्या. "आता तुम्ही ती गाडी काय उराशी धरून बसणार?"