भट्टीजवळचा माणूस

"लिही," विल्फ म्हणाला. "दहा चाळीस ते अकरा वीस, नुसता उभा."

टेसाने लिहिलं. बिस्किटांच्या कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी दोघं उभी होती. पट्ट्यावरून बिस्किटं सरकत होती आणि एकसष्ट वर्षांचा विल्फ पार्डी त्यांचा रंग बघत होता. करपायला लागली की आच कमी करायची, कच्ची दिसली की वाढवायची. एकतीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं.

टेसा कोवालचुक कॉलेजच्या शेवटच्या सत्रात होती. ऑंटारियोतल्या त्या कॉलेजचा नियम सरळ होता. चार महिने कारखान्यात काम करायचं, एक अहवाल लिहायचा, आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्यावर सही केली की क्रेडिट. सही नाही तर क्रेडिट नाही, आणि क्रेडिट नाही तर एप्रिलमध्ये डिप्लोमा नाही. व्यवस्थापक फेरारोबाईंनी विषयही देऊन ठेवला होता. भट्टीवर माणसाऐवजी कॅमेरा चालेल का?

आता ज्याच्या पोटावर पाय द्यायचा, त्यालाच शेजारी उभं राहून विचारायचं, म्हणजे पंचाईतच की. पण विल्फने तिला पहिल्याच दिवशी स्वतःचं घड्याळ काढून दिलं होतं.

"माझ्या तोंडाकडे बघून लिहू नकोस, बाय. काट्याकडे बघून लिही."

पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी कपातीची यादी लागणार, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत लोक त्याबद्दलच कुजबुजत. विल्फ मात्र निवांत बसून सँडविच खायचा.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" टेसाने एकदा विचारलंच.

"कसली?"

"मी काय लिहीन त्याची."

विल्फने घास पूर्ण चावला. "खरं लिहिणाऱ्याची कसली भीती? दिवसातले चार तास मी खांबासारखा उभा असतो. हे लिहिलंस ना? ठळक लिही."

माणूस इतका सरळ, की स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत होता. टेसाला त्याची दया आली.

त्याच दुपारी, बोलता बोलता त्याने मान वर केली. "डावा बर्नर गेला," तो म्हणाला आणि चालू लागला. टेसाला ना काही दिसलं होतं, ना कसला वास आला होता. बर्नर खरंच विझला होता. पाच मिनिटं उशीर झाला असता तर तासाभराचा माल कच्चा गेला असता.

तिने वही उघडली. विल्फने पानावर तळहात ठेवला.

"हे नको. हे कुणालाही जमतं."

"मला कुठे जमलं?"

"तुला सर्दी झालीय."

तिला सर्दी झाली नव्हती.

अहवाल तयार झाला. अकरा पानं, कॅमेऱ्याच्या बाजूने, आकड्यांनिशी. फेरारोबाईंनी डोळे मिटून सही केली असती. पण ती पानं वाचताना टेसाला स्वतःचीच लाज वाटली. ती बारा वर्षांची असताना बापाचं नाव अशाच एका यादीत आलं होतं. पुढची दोन वर्षं तो तळघरात टीव्हीसमोर बसून होता, आणि आवाज कमी कर म्हणायचीसुद्धा घरात कुणाची छाती नव्हती.

तिने ती पानं फाडली. तीन आठवडे ती विल्फच्या नकळत वेगळीच नोंद ठेवत गेली. नाकाने, कानाने, नुसत्या चाहुलीने त्याने एकोणीस वेळा माल वाचवला होता. त्यातल्या सोळा वेळा कॅमेऱ्याला काही कळलंच नसतं. तिने तेच लिहिलं. क्रेडिट बुडालं तर बुडालं. पुन्हा चार महिने घासू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

गुरुवारी फेरारोबाईंनी अहवाल तिच्यासमोरच वाचला. एकदा वाचला, मग मागे जाऊन शेवटचा तक्ता पुन्हा वाचला.

"मी तुला हे लिहायला सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नाही."

"सोळा?"

"सोळा. तारखा दिल्यात."

बाईंनी पेन उचललं आणि सही केली. मग खणातून एक कागद काढून त्यावरची एक ओळ खोडली.

"उद्याच्या यादीत होता तो. आता पासष्टाव्या वर्षापर्यंत मी त्याला हलू देणार नाही. सकाळी मीच सांगेन त्याला, तोवर तू बोलू नकोस."

टेसा बाहेर आली ती जवळजवळ पळतच. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी धड झालं, असं तिला वाटत होतं. गाड्या लावायच्या जागेत विल्फचा जुना पिकअप उभा होता आणि स्टिअरिंगसमोर एक ठेंगणीशी बाई बसली होती. तिने काच खाली केली.

"तू टेसा ना? मी नोरीन, विल्फची बायको. आमच्या घरी रोज तुझंच नाव." तिने एक डबा पुढे केला. "केक केलाय. तुझ्याचसाठी."

मागे दोऱ्यांनी बांधलेली खोकी होती.

"कुठे निघालात?"

"घरी, लांब न्यूफाउंडलंड बेटावर. दोन वर्षं या यादीची वाट बघतोय गं आम्ही. स्वतःहून सोडलं तर एकतीस वर्षांची भरपाई जाते, आणि मला काढा असं तोंडाने मागितलं तर तो राजीनामाच धरतात. कपातीत नाव आलं तरच सगळं मिळतं." नोरीनने डोळ्यांच्या कडा पुसल्या. "त्याची आई आहे तिकडे, नव्वदीची. अजून लेकाला ओळखते. उन्हाळ्यापर्यंत ओळखेल, असं डॉक्टर म्हणाले."

टेसाच्या हातात डबा होता. नोरीन खिडकीतून जराशी पुढे झुकली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"बाईंनी सही केली ना? यादीत त्याचं नाव कितवं आहे गं?"