उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी

"आई, चंद्र शनिवारी आहे," चारुदत्त फोनवर म्हणाला.

"संकष्टी आज आहे," आई म्हणाली. "तीही अंगारकी."

ती नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला, भाड्याने घेतलेल्या एका लाकडी घरात बसली होती. चारुदत्त जर्मनीत बॉबलिंगेनला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि दोन्हीकडे लख्ख ऊन होतं. फरक इतकाच, की आईकडचं ऊन जुलैअखेरपर्यंत मावळणार नव्हतं आणि चंद्र तिथे चार दिवस वर येणार नव्हता.

आईबाबा निघताना त्याने त्यांना चौतीस पानी सूचना लिहून दिल्या होत्या. आतून सुती कपडे घालू नयेत. झोपताना डोळ्यांवर पट्टी बांधावी. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-दही शनिवारीच आणावं. रस्त्यात रेनडिअर उभं असेल तर हॉर्न वाजवू नये, त्याला घाई नसते. मेतकूट हातातल्या बॅगेत ठेवू नये, विमानतळावर पिवळी पूड समजावून सांगत बसावं लागतं. मराठी मंडळात या सूचना इतक्या फिरल्या, की दोन कुटुंबं न जाताच जाऊन आल्यासारखी बोलू लागली. एवढं सविस्तर लिहायला तुला वेळ कुठून मिळतो, असं सगळे विचारत.

वेळ जानेवारीपासून मिळत होता. कंपनीने त्याचा अख्खा विभागच बंद केला होता. हे त्याच्या बायकोला, विभावरीला माहीत होतं, आईबाबांना नव्हतं. ते पुण्याहून आल्यावर तो पंधरा दिवस रोज सकाळी लॅपटॉप घेऊन बाहेर पडला आणि लायब्ररीत जाऊन बसला. तिथेच त्याला त्यांना सहलीला पाठवण्यासाठी उत्तर दिशा सुचली.

"आई, पुण्यात आलाय चंद्र," विभावरी फोनकडे वाकून म्हणाली. "वसुधामावशींनी नैवेद्यसुद्धा दाखवला, फोटो पाठवलाय. सोडा तुम्ही."

"पुण्याचा चंद्र पुण्यातल्यांना. मी इथे आहे."

"मग आमचा घ्या. रात्री दीडला उगवेल. मी अर्घ्य देते तुमच्या नावाने."

"तू झोप. सकाळी ऑफिस असतं तुम्हा दोघांना."



मागून बाबांचा आवाज आला. "अरे चारू, दिवसभरात दोन केळी आणि एक कॉफी, एवढ्यावर आहे ही. घरमालकिणीलासुद्धा विचारून आली चंद्र कधी म्हणून. ती बिचारी सॉरी म्हणाली."

"आई, एवढ्या वर्षांत एकदा चुकलं तर काय बिघडतंय?" चारुदत्त म्हणाला. "काहीतरी सोय असेलच की शास्त्रात."

"आहे ना सोय. ज्यासाठी धरली ते पुरं झालं असेल, तर सोडून देता येते कायमची. मग चंद्राचीही वाट बघायला नको. तू जर्मनीला गेलास त्या महिन्यात धरली मी. तुझं तिकडे सगळं नीट व्हावं म्हणून. सोळा वर्षं झाली, मी कधी विचारलं नाही तुला."

"आई..."

"आता विचारते. झालंय ना रे सगळं नीट? तू हो म्हण, मी आत्ता जेवायला बसते. बाबांनी वरणभात केलाय, बरा वाटतोय दिसायला."

विभावरी उठली आणि नळाशी जाऊन उभी राहिली. नळ तिने सोडला नाही.

"हो," चारुदत्त म्हणाला. "अगदी नीट. एकदम मस्त चाललंय."



"बरं," आई म्हणाली. मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "अहो, ते ताट झाकून ठेवा. मी थांबते अजून."