महिनाभराचा कचरा

सुनेने जेवणाचं टेबल पुसलं, लॅपटॉप मधोमध ठेवला आणि बाबांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आज काय तो निकाल लावायचाच, असं तिने सकाळीच जाहीर केलं होतं. बाबांच्या ईमेलमध्ये इतकं नको नको ते येऊन पडत होतं, की हॉस्पिटलने पाठवलेला सासूबाईंचा दाखला त्यात हरवला आणि पुन्हा मागवावा लागला.

सासूबाई जाऊन महिना व्हायला आला होता. बाबा जेवत होते, झोपत होते, विचारलं तर उत्तर देत होते. रडले मात्र नव्हते. भेटायला आलेली माणसं कौतुक करून गेली, की बाबा मोठे धीराचे. धीर कसला, त्यांना काही वाटतच नव्हतं. हाताला मुंग्या येऊन गेल्या की आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो, तसं त्यांचं दिवसभर चाललं होतं.

कचरा मेल गाळणारी तीन सॉफ्टवेअर सुनेने निवडून ठेवली होती. ती एकेकाचे गुण सांगू लागली. पहिलं भलतंच कडक, ओळख नसेल त्याला दारातच उभं करणारं. दुसरं आपण काय टाकतो ते बघून स्वतःच टाकायला शिकणारं. तिसरं फुकट होतं, पण त्याच्याच जाहिराती एवढ्या, की ते आधी स्वतःला गाळेल का, असं म्हणून ती हसली. बाबाही हसले, कारण तिथे हसायचं होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, की गाळलेलं पुढे कुठे जातं.

महिनाभर बाजूला पडून राहतं आणि मग आपोआप पुसलं जातं, सुनेने सांगितलं. आत्ताही तसंच होतंय. ते दुसरं मात्र आठवडाभरच ठेवतं, म्हणजे आणखी बरं.

बाबांनी मान हलवली. त्यांचा जन्म बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर गेला होता. समोरच्या पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या. तडा, बुडबुडा, वाकडं तोंड, काहीही दिसलं की बाटली उचलून खालच्या पिंपात टाकायची. हात इतका बसला होता, की डोळ्यांच्या आधी तोच टाकून मोकळा व्हायचा. टाकलेली बाटली फुटल्याचा आवाज त्यांना कित्येक वर्षं ऐकूच आला नव्हता.

सुनेने दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. सुरू होता होताच त्याने विचारलं, जुना कचरा रिकामा करू का? किती साचलाय ते बघू तरी, म्हणून तिने कचऱ्याचा कप्पा उघडला. लॉटरी लागल्याचं कळवणारे, कर्ज घ्या म्हणून मागे लागलेले, टकलावर केस उगवून देणारे. आणि मधूनमधून, ठळक अक्षरांत, सासूबाईंचं नाव. गुडघेदुखीवर घरच्या घरी उपाय. हे वाचाच. पोट धरून हसाल. हा मेल दहा जणांना पाठवा.

बायको आतल्या खोलीतून पाठवायची आणि नवरा बाहेरच्या खोलीत बसलेला असायचा. जेवताना ती विचारायची, बघितलं का? ते हं म्हणायचे. एकदा वैतागून त्यांनी तिच्या एका मेलवर ‘हा कचरा आहे’ हे बटण दाबलं. सॉफ्टवेअर काय ते समजलं. तेव्हापासून तिचं सगळं परस्पर तिकडेच जाऊ लागलं. तिला कधी कळलं नाही, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

सून बघतच राहिली. तिचं बोट अजून ‘रिकामा करा’च्या जवळ होतं. बाबांनी पुढे होऊन तिच्या हातावर हात ठेवला.

"रोज खालचे दोन-तीन जातात," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "सकाळी उठून बघतो. काल शेवटी तिचं ‘पाण्याचे फायदे’ होतं. आज नाही."

"बाबा, सांगायचं तरी मला. आणि उघडले का नाहीत?"

"उघडला की अक्षरं बारीक होतात. नाही उघडला तर आत्ताच आल्यासारखा दिसतो."

सुनेने खुर्ची जवळ ओढली. लॉटऱ्या आणि कर्जं सोडून देत तिने सासूबाईंचे तेवढे मेल एकेक करून निवडले आणि ‘हा कचरा नाही’ हे बटण दाबलं. सगळे एकदम मुख्य पानावर आले, तसेच ठळक. सगळ्यात वरचा हॉस्पिटलच्या खाटेवरून पाठवलेला होता. विषय होता, पाठ ताठ ठेवून बसा.

बाबा खुर्चीत सरळ झाले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली. सॉफ्टवेअर नवीनच होतं, त्याला सगळं विचारून घ्यायचं होतं. या व्यक्तीकडून यापुढे येणारे मेल थेट आत घ्यायचे का? खाली दोन बटणं होती, हो आणि नाही.

सून घाईघाईने चौकट बंद करायची फुली शोधू लागली. फुली नव्हती. दोन्हींतलं एक दाबल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नव्हतं.

"हो म्हण," बाबा म्हणाले. "आलेच तर वर दिसू देत."