उभी गाडी

डोळे अधू झाले तेव्हा बाबांचं गाडी चालवणं मीच बंद केलं. जन्मभर बस चालवलेला माणूस, आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

मग पार्किंगमध्ये आमच्या इलेक्ट्रिक गाडीसाठी नवा चार्जर बसवायला वायरमन आला. जाताना बाबांना म्हणाला, "काका, गाडीला वायर लावून ठेवत जा. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की वीज कमी पडते. तेव्हा तुमची गाडी स्वतःतली वीज सगळ्यांना देईल."

"उभ्या उभ्या?"

"उभ्या उभ्या."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला बाबा भांग पाडून, शर्ट खोचून खाली जातात. ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, पट्टा लावतात, आरसा नीट करतात आणि दिवसभराचं काम उरकल्यासारखे दमून वर येतात.

आज राहवेना. "आई, वीज आपोआप जाते गं. तिथे कुणी बसावं लागत नाही. सांगून येऊ का त्यांना?"

आईने त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं. मागे वळूनही न बघता म्हणाली, "काही नको. गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नसतं."