पंखे बंद करू नकोस

दुसऱ्या प्रोसेसरचं तापमान ब्याण्णववर गेलं तेव्हा मामाने माउसकडे हात नेला, आणि त्याच्या आईने तो वरच्या वर पकडला.

"हात लावून तर बघ," ती कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

डोळा बाळाचा लागला होता. शिवाय बाळाच्या आईचा, म्हणजे मामाच्या ताईचा. ती पलंगावर बसल्या बसल्याच झोपली होती, हातात औषधाचा चमचा तसाच. बाळ घरात आल्यापासून आईसुद्धा त्याला मामाच म्हणायची, आणि आपला मामा होतोय की काय अशी शंका त्याला हल्ली उठता-बसता यायची.

मामा एका गेमिंगच्या साइटसाठी ग्राफिक्स कार्डं तपासायचा. आत्ता चालू होतं ते कार्ड म्हणजे प्रकरणच होतं. एकाच पाटीवर दोन प्रोसेसर, वजन जवळजवळ बाळाइतकं, आणि कंपनीकडे तपासायला द्यायला असं एकच. संध्याकाळी कुरियरवाला येऊन ते दुसऱ्या परीक्षकाकडे नेणार होता. कार्डाला काही झालं, तर यापुढे मामाकडे कोणी साधा माउसही तपासायला पाठवणार नव्हतं.

सकाळी त्याने ते पूर्ण ताकदीवर चालवलं. पडद्यावर ड्रॅगन उडाला, कार्डाचे पंखे घूं करून सुटले, आणि शेजारच्या खोलीतलं रडणं थांबलं. आठवडाभर न थांबलेलं रडणं. आई दारात येऊन उभी राहिली, घरात चोर शिरल्यावर उभी राहावी तशी.

"बंद करतो," मामा म्हणाला.

"खबरदार."

मग पाळणा या खोलीत आला. पाठोपाठ ताई आली. दुपार टळली तरी ड्रॅगन उडतच होता. त्याला कुठे उतरायचंय हे गेम बनवणाऱ्यांनीही ठरवलेलं नव्हतं.

मधे मामाने एक प्रोसेसर बंद करून पाहिला. आवाज निम्म्यावर आला. बाळाने एक डोळा उघडला. मामाने प्रोसेसर पुन्हा चालू केला. डोळा मिटला. हे परीक्षणात लिहावं की नाही, ते त्याला कळेना.

ब्याण्णव. त्र्याण्णव. दोन्ही प्रोसेसर इतके तापायचं काही कारण नव्हतं. मामा रांगत टेबलामागे गेला. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर बाळाची दोन ओली दुपटी घातलेली होती.

"आई, इथून गरम हवा बाहेर जाते."

"म्हणून तर छान वाळतायत."

"कार्ड जळेल."

"दिवसभर ऊन नाही. बाळाला काय तुझा टी-शर्ट गुंडाळू?"

त्याने दुपटी काढून तिच्या हातात दिली. तापमान एकोणनव्वदवर आलं. त्याच्या जिवात जीव आला, पण पुरता यायच्या आत फोन थरथरला.

"साहेब, पार्सल न्यायला आलोय. दारातच आहे. बेल वाजवू?"

मामा दाराकडे असा धावला, की बेलवर ठेवलेलं कुरियरवाल्याचं बोट त्याने दार उघडून हातानेच बाजूला केलं.

"घरात गिरणी आहे का?" कुरियरवाल्याने विचारलं.

"हळू. बाळ झोपलंय."

"या आवाजात?"

"या आवाजामुळेच."

कुरियरवाल्याने बूट काढले. "माझ्या पोरीला मिक्सर लागायचा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन जाळले. पण साहेब, पार्सल वेळेत पोचलं नाही तर माझ्या नावावर फुली पडते. कार्ड काढा तेवढं."

"काढतो. थोडं गाढ झोपू दे."

दोघं चवड्यांवर चालत खोलीत आले. तेवढ्यात आईने दुपटी परत वाळत घातली होती. यावेळी नीट, जाळीची एकही फट उघडी न ठेवता, चारी कोपरे ओढून. वर टोपडंही होतं. पडद्यावर तापमान शंभराच्या पलीकडे गेलं होतं.

मामा झेपावला. ड्रॅगन एक पंख वर करून तसाच थांबला. पडदा काळा झाला. पंखे थांबले. इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा वास आला.

इतकी शांतता त्या खोलीत आठवडाभरात कोणी ऐकली नव्हती, आणि आता ती कोणालाच नको होती. ताईच्या हातातून चमचा सुटला. मामाने तो जमिनीच्या वीतभर वर झेलला.

बाळाच्या कपाळावर आठी आली. खालचा ओठ पुढे आला.

आईने पदर खोचला, पाळण्यावर वाकली आणि तोंडाने "घूंऽऽऽ" सुरू केलं. अगदी त्याच सुरात. ओठ होता तिथेच थांबला.

मामाचा हात कॅबिनेटच्या बटणाशी गेला. कार्ड नुसतंच तापून बंद पडलं होतं, की कायमचं गेलं होतं, ते बटण दाबल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि बटण दाबलं की ते यंत्र आधी मोठ्याने 'पीं' करायचं. एका हातात चमचा धरून त्याने दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवलं, आणि तसाच उभा राहिला.

आईचा चेहरा लाल होत चालला होता. तिचा श्वास संपत आला, आणि तो संपायच्या आतच कुरियरवाल्याने रिकामी पिशवी काखेत मारून सूर उचलला. जरा जाड, पण चालण्यासारखा. बाळाने सुस्कारा सोडला. ताईची मान खांद्यावर आणखी कलली.

कुरियरवाला तरी किती वेळ टिकणार. त्याचे डोळे हळूहळू मोठे व्हायला लागले. आई अजून धापा टाकत होती. तिने मामाकडे बोट केलं.

मामाने बटणावरचं बोट काढलं आणि छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली.