न थांबणारा पूल

“मिनिटभरही पूल बंद केला नाही?” आत्मारामने विचारलं. तपासणीला चढलेली त्याची बायको हेमलता केबल तुटल्याने खाडीत पडून गेली होती.

“ते पूलच ठरवतो, काका,” इंजिनिअर कुंटेबाई म्हणाल्या. “एक केबल गेली की तिचा भार तो बाकीच्यांवर टाकतो. वाहतूक थांबू नये म्हणूनच आता सगळीकडे असेच पूल बांधतात. दिसतातही छान.”

“हो. लोक फोटो काढतात.”

संध्याकाळी तो पुलाच्या मधोमध, नव्याकोऱ्या केबलखाली, गाड्यांसमोर उभा राहिला. हेमलतासाठी एकदा तरी सगळं थांबायला हवं होतं.

पुलाने गाड्यांना वाट आखून देणारे रस्त्यावरचे दिव्यांचे पट्टे हळूच बाजूला सरकवले. गाड्या वेग कमी न करता त्याला वळसा घालून जात राहिल्या.